उमरठच्या खोऱ्यातील जाखडी

पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे, १६७० साली कोंढाण्यावर धारातीर्थी पडलेल्या नरवीर तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. यात्रेकरू तिला वंदन करून परततात. परंतु या खोऱ्यातील तरुणांचा जोम पाहावयाचा असेल, तर गौरी-गणपतीत यावे. पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेली मुले तेव्हा घरी येऊन जाखडीचा फेर धरतात. मध्यभागी गाणारे बुवा, मृदंग आणि झांज. सभोवती पायात घुंगरू बांधलेले नाचे. थाप बदलली की सर्वांची पावले एकदम बदलतात. एकटा पुढे धावला तर फेर मोडतो.

पश्चिम आफ्रिकेतील जेम्बे हे बकऱ्याच्या कातड्याने मढविलेले, हातांनी वाजवावयाचे वाद्य. त्याचाही ठरावीक बोल नर्तकांस पाऊल बदलण्याची खूण देतो. अमेरिकेत हे वादन-नर्तन शिकविण्यासाठी तरुणांचे वर्ग चालतात. आपल्या खोऱ्यात हेच शिक्षण अंगणात, विनामूल्य मिळते. आणि सुशिक्षित घरे मात्र त्यास गावंढळ नाच म्हणून नाक मुरडतात! गावे मुंबईकडे रिती होत आहेत. धाकट्यांस ठेका देणारे हात उद्या येथे राहतील काय? यंदाच्या गणपतीत वाचकांनी आपली मुले त्या फेराजवळ अवश्य न्यावीत.