‘नंतर’ला बंदी

सोलापूरच्या मुलांना चार हुतात्मा चौक दाखवावा लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, ही नावं माझा वर्ग घडाघडा म्हणतो. १२ जानेवारी १९३१ ही येरवड्यातल्या फाशीची तारीखही पाठ असते. पण ‘फाशी का झाली?’ असं विचारलं की सगळे खाली बघतात.

म्हणून मी संकल्पनाचित्राकडे वळले. पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात ते असतंच. मुलं धड्यातले शब्द उचलून रिकाम्या चौकटी भरतात आणि मोकळी होतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी ही पद्धत घडवली, तिचा प्राण मात्र दोन चौकटी जोडणाऱ्या रेघेवरच्या शब्दात आहे. आपल्या स्वाध्यायात नेमकी ती रेघच मुकी असते.

मी चिठ्ठ्या वाटते : गांधीजींची अटक, गिरणी कामगार, शिंदीची झाडं, गोळीबार, मार्शल लॉ, फाशी. गट करून मुलं त्या कागदावर मांडतात, रेघा ओढतात आणि प्रत्येक रेघेवर लिहितात, ‘नंतर’. अटकेनंतर गोळीबार, गोळीबारानंतर मार्शल लॉ. तेव्हा मी ‘नंतर’ला बंदी घालते. खरा तास तिथून सुरू होतो.

‘बाई, झाडं कशाला तोडली?’ एकाने विचारलं. शिंदीवर सरकारला कर मिळायचा, म्हणून ८ मे १९३० रोजी लोकांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली. लगेच ‘कर’ नावाची नवी चिठ्ठी तयार झाली आणि दांडीच्या मिठापासून सोलापूरच्या शिंदीपर्यंत एक रेघ गेली. तिच्यावर मुलांनी लिहिलं, ‘सरकारचं उत्पन्न अडवायला’. पुस्तकात दोन धड्यांत असलेल्या गोष्टी एका रेघेवर आल्या.

सगळ्यात अवघड रेघ शेवटची. गोळीबाराच्या त्या धुमश्चक्रीत पोलीसही मारले गेले होते. ‘पोलिसांची हत्या’ आणि ‘फाशी’ यांच्यामध्ये एका मुलीने लिहिलं, ‘केली म्हणून’. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं, ‘हे तुला कुणी सांगितलं?’ ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग खोडरबर घेतलं आणि लिहिलं, ‘केल्याचा आरोप ठेवून’.

कागदावरचा तो खोडलेला डाग मी पुसू दिला नाही. इतिहास शिकल्याची खूण तीच आहे.