अस्मान आणि जमीन

11 एप्रिल 1932 रोजी कलकत्त्याजवळच्या डमडमहून एक डच टपालविमान पश्चिमेकडे निघाले. त्यात सत्तरी ओलांडलेले रवींद्रनाथ ठाकूर होते. इराणच्या रझाशाह पहलवींचे निमंत्रण त्यांना आले होते. प्रकृती पूर्वीसारखी राहिली नव्हती आणि समुद्रमार्गाचा दीर्घ प्रवास झेपण्यासारखा नव्हता. म्हणून हा आकाशमार्ग. अलाहाबाद, जोधपूर, कराची, जास्क असे टप्पे घेत तिसऱ्या दिवशी ते इराणच्या किनाऱ्यावरील बुशायरला उतरले. सून प्रतिमादेवी, कवी अमिय चक्रवर्ती आणि केदारनाथ चट्टोपाध्याय त्यांच्या सोबत्यांत होते. आणि इराणभूमीवर त्यांना साथ लाभली ती मुंबईचे पारशी विद्वान दीनशा इराणी यांची. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांनी ती भूमी सोडली, त्यांच्यापैकीच एक जण बंगाली कवीला तिची ओळख करून देत होता.

रवींद्रनाथ त्यापूर्वी जपान, अमेरिका, युरोप, चीन, जावा अशा अनेक देशांत हिंडले होते. विमानाचाही त्यांना अनुभव होता. 1921 मध्ये ते लंडनहून पॅरिसला विमानाने गेले होते. परंतु तेथील भूमीशी त्यांचे जन्माचे नाते नव्हते. या वेळी जी भूमी खाली सरत होती ती बंगालची होती. पायांना, डोळ्यांना, कानांना जी अनेक अंगांनी प्रतीत होत असे, ती धरणी उंची वाढू लागताच क्षीण होत गेली. तिचे रंग फिकटले, आकार पुसट झाले, आणि अखेर उरली ती केवळ एक रेखाकृती. ज्याची सारी कविता नदीकाठच्या चिखलाशी, पावसाच्या पहिल्या सरीशी, दारात उभ्या असलेल्या माणसाशी बांधलेली होती, त्याला ही अवस्था अस्वस्थ करणारी वाटली, यात नवल नाही. जे डोळ्यांना खरे वाटेनासे होते त्याच्याविषयीची माया सुटते, आणि माया सुटली की संहार सोपा होतो, या निष्कर्षापर्यंत त्यांचे चिंतन पोहोचले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गीतेतील उपदेशालाही त्यांनी अशाच विमानाची उपमा दिली. अर्जुनाचे दयाकातर मन त्या उपदेशाने इतक्या उंचीवर नेले, की तेथून मारणारा कोण आणि मरणारा कोण, आप्त कोण आणि परका कोण, हे दिसेनासेच झाले. गीतेविषयी नितांत आदर असलेल्या वाचकालाही या वाक्यापाशी थबकावे लागते.

मराठीत 'अस्मान' आणि 'जमीन' हे दोन्ही शब्द फारसीतून आले. रवींद्रनाथांचा पुढील महिना या अस्मानातून त्या जमिनीवर येण्याचा होता. बुशायरहून मोटारीने डोंगराळ, रखरखीत वाटेने ते शिराझला पोहोचले. सादी आणि हाफिज यांचे हे नगर. हाफिज हे ठाकूरांच्या घरातलेच नाव होते. महर्षी देवेंद्रनाथ त्याच्या काव्यात रंगून जात. त्यातील कितीतरी भाग त्यांना मुखोद्गत होता, आणि लहानग्या रवींद्राच्या कानांवर तो अर्थ कळण्याआधीच पडलेला होता. वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या कवीच्या कबरीपाशी मुलगा वार्धक्यात येऊन उभा राहिला.

येथे दख्खनच्या वाचकाला एक जुनी कथा आठवावी. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की बहमनी सुलतानाने हाफिजला आपल्या दरबारी बोलावले होते. वाटखर्चही पाठवला होता. कवी होर्मुझपर्यंत आला, जहाजावरही चढला. पण वादळ उठलेले पाहून त्याने बेत सोडला आणि सुलतानाला एक गझल पाठवून तो शिराझला परतला. चौदाव्या शतकात हाफिजला न साधलेले अंतर विसाव्या शतकात भारतातील एका कवीने उलट दिशेने कापले.

हाफिजच्या दिवाणातून कौल घेण्याची इराणात जुनी रीत आहे. मनात प्रश्न धरायचा, डोळे मिटून ग्रंथ उघडायचा आणि समोर येईल ती गझल उत्तर म्हणून स्वीकारायची. कबरीच्या रखवालदाराने मोठा ग्रंथ पुढे ठेवला. रवींद्रनाथांनी स्वतःच्या आयुष्याविषयी काही विचारले नाही. धर्माच्या नावाने जो आंधळेपणा भारतात माजला आहे त्यातून देशाची सुटका होईल का, हा त्यांच्या मनातला प्रश्न होता. वर्षभरापूर्वीच, मार्च 1931 मध्ये, कानपूर दंगलीत होरपळले होते. पुढे आलेल्या गझलेचा भाव बंद दार पुन्हा उघडण्याच्या आशेचा होता. हा कौल खरा ठरला असे आज कोणी म्हणणार नाही. पण तो प्रश्न एका मुसलमान कवीच्या कबरीपाशी, त्याच्याच ग्रंथाला विचारावासा वाटला, यातच त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते.

शिराझहून पुढे पर्सेपोलिस. तेथे 1931 पासून उत्खनन करणाऱ्या अर्न्स्ट हर्झफेल्ड या जर्मन पुरातत्त्वज्ञाने त्यांना दारियसच्या राजवाड्याचे अवशेष दाखवले. इ. स. पूर्व 330 मध्ये अलेक्झांडरच्या सैन्याने पेटवलेल्या त्या वास्तूचे स्तंभ अजून उभे होते. मग इस्फहानच्या निळ्या घुमटांच्या मशिदी आणि भव्य चौक. मग तेहरान, शहांची भेट आणि तेथेच साजरा झालेला वाढदिवस. फुले, सत्कार, मानपत्रे यांना तोटा नव्हता.

मात्र सन्मान ही देखील एक उंचीच असते. रझाशाहांच्या रूपाने रवींद्रनाथांना परकीयांच्या दडपणातून सावरणारा, धर्मद्वेष आवरणारा नवा आशिया दिसला, आणि त्यात तथ्यही होते. परंतु त्याच राजवटीने त्या दशकात भटक्या टोळ्यांना बळाने एका जागी बसवले, विरोधकांचा आवाज दडपला, आणि 1941 मध्ये शहांना सिंहासन सोडून परदेशी जावे लागले. सरकारी पाहुण्याच्या मोटारीतून ही बाजू दिसणे कठीणच होते. प्रवासवर्णन वाचताना लेखक कोणाच्या वाहनात बसला होता, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

केरमानशाहच्या वाटेने सरहद्द ओलांडून मे महिन्यात ते बगदादला आले. राजा फैसल यांनी त्यांचे अगत्याने स्वागत केले. परंतु इराकवर अजून ब्रिटनचा ताबा होता आणि बगदादजवळ ब्रिटिशांचे हवाई दल होते. त्या दलाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने त्यांना सांगितले, की येथील काही शेखांच्या गावांवर विमाने नित्य बाँब टाकीत आहेत. विमानप्रवासात जे चिंतन म्हणून सुचले होते, ते आता वार्ता होऊन समोर आले. त्या गावांतील बायका-मुले वरून दिसत नव्हती, म्हणूनच त्यांना मारणे इतके सहज होते. हवाई दलासाठी संदेश मागितला गेला, तेव्हा त्यांनी गौरवाचे चार शब्द लिहिले नाहीत. ज्या आकाशात माणसाने आजवर देवांचे स्थान कल्पिले, तेथून त्याने मृत्यू पाठवला तर ते आकाश त्याला क्षमा करणार नाही, अशा आशयाचा तो इशारा होता.

इराकमध्येच ते एका बेदुइन प्रमुखाच्या तंबूत जेवायला गेले. तरुणपणी, 'मानसी' संग्रहातील 'दुरंत आशा' या कवितेत, बंगाली सुखवस्तूपणाला वैतागून त्यांनी अरब बेदुइन होण्याची इच्छा प्रकट केली होती. आता तेच लोक भल्यामोठ्या थाळीतील भात आणि मांस त्यांच्यापुढे ठेवीत होते. बोलता बोलता त्या प्रमुखाने प्रेषितांच्या शिकवणीचा दाखला दिला : ज्याच्या वाणीपासून आणि वागण्यापासून कोणालाही धोका नाही, तोच खरा मुसलमान. ही शिकवण रवींद्रनाथांच्या मनावर कायमची कोरली गेली. त्याच मे महिन्यात मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल उसळली होती. शिराझमध्ये ग्रंथाला विचारलेल्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर वाळवंटातल्या त्या पंगतीत मिळाले होते.

3 जूनला ते विमानानेच कलकत्त्याला परतले. या प्रवासाचे लेखन आधी मासिकांतून आणि 1936 मध्ये 'जापाने-पारस्ये' या पुस्तकात आले. त्याची रचना विचार करण्यासारखी आहे. बगदादच्या बाँबफेकीची हकीकत प्रवासाच्या अखेरीची. पण रवींद्रनाथांनी ती घातली आहे अगदी आरंभी, विमान आकाशात चढत असतानाच्या वर्णनात. वाचकाला गुलाबांच्या बागा आणि निळे घुमट भेटतात ते ही हकीकत कळल्यानंतर. त्यामुळे त्या बागांत भेटणारा प्रत्येक माणूस, चहा देणारा, मोटार हाकणारा, कबरीपाशी ग्रंथ धरून उभा असलेला, वरून न दिसणारा माणूस म्हणून आपल्याला दिसू लागतो.

पुस्तक निघाल्यानंतर नऊ वर्षांत हिरोशिमा आणि नागासाकी घडले. आज तर विमानात वैमानिक असण्याचीही गरज उरलेली नाही; हजारो मैलांवरच्या खोलीत बसून पडद्यावरच्या एखाद्या ठिपक्याचा अंत करता येतो. अशा काळात दूरच्या देशात महिनाभर हिंडून येणे ही चैन वाटू शकते. पण त्या ठिपक्याच्या जागी कधी कोणाच्या तंबूत आपण जेवलो होतो, हे ज्याला आठवते, त्याचा हात बटणाकडे जाताना अडखळण्याची शक्यता असते. रवींद्रनाथांनी त्या महिन्यातून परत आणले ते हे अडखळणे.