बिंदुसरेच्या पुलावरून

बीडला जाणारा माणूस कंकालेश्वराचे मंदिर पाहतो, खजाना बावडी पाहतो आणि परततो. वाचकहो, तुमचे जाणे झाले तर बिंदुसरा नदीच्या पुलावरही थोडे थांबा. तेही पावसाळ्याच्या तोंडी, पहिली मोठी सर येऊन गेल्यावर.

बालाघाटाच्या डोंगरातून येणारी ही नदी शहराचे दोन भाग करते. पलीकडचे ते पेठ बीड. रस्त्यावर साचलेली धूळ, गाड्यांचे गळलेले तेल, टायरची झीज, शेण, प्लॅस्टिक, सारे पहिल्या पावसाबरोबर नाल्यांतून नदीत उतरते.

पुढे हे पाणी जाते कुठे? बिंदुसरा सिंदफणेला मिळते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. बीडच्या नळांना पाणी येते ते पालीच्या बिंदुसरा धरणातून आणि माजलगावच्या याच धरणातून! शहराने नदीत टाकलेली घाण अशी फिरून शहराकडेच येऊ शकते.

यावर उपाय साधा आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीत सलाबतखानाने बांधविलेल्या खजाना बावडीचे पाणी मोटेवाचून, जमिनीखालच्या पाटांनी शेतांना जाते. मातीमुरुमातून झिरपताना पाण्यातला गाळ मागे राहतो, हाच तो धडा. नाला नदीला मिळण्याआधी उथळ खड्डा करावा. तिथे पाणी संथ होते, गाळ बसतो; गाळाला चिकटलेले तेल व धातूही बरेचसे तिथेच राहतात. पुढे गवताचा पट्टा, मग वाळू-खडीचा थर. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून हा थर हवाच. मात्र संडासाचे पाणी यात सोडू नये. त्याची व्यवस्था वेगळी. आणि खड्ड्यातला गाळ दरवर्षी उन्हाळ्यात काढला नाही, तर सारी मेहनत वाया.

हा प्रश्न नुसत्या स्वच्छतेचा नाही. जुलै १९८९ च्या पुरात बिंदुसरेने शहरात अनेक बळी घेतले. पाणी चढले की आधी बुडते ती काठावरच्या गरिबांची घरे. आणि तुंबलेल्या गटारात कोणाला उतरवले जाते, हे आपल्या वस्तीला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून जोखमीची सफाई करून घेण्यास मनाई आहे. हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

गॅरेजचे जळके तेल, जुने सेल, पिशव्या गटारात टाकू नका. माताभगिनींनी पावसाळ्यापूर्वी एकत्र जमून नगरपालिकेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार पहिल्या सरीतच वाहून जाते.