कुलपाचे पैसे नाहीत

मंगळवार, रात्री.

मंठा तालुक्यात आज सर्वेक्षणासाठी अकरा घरं गाठली. सहांना कुलूप, माणसं ऊसतोडीला. पैसे भरलेल्या फॉर्मचे मिळतात, कुलपाचे नाहीत. खरं तर अहवालात यायला हवं ते कुलूपच.

तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकताना वाटायचं, मराठवाड्यात प्रश्नांना तोटा नाही, मग कामाला कसा असेल? काम आहेच. शेतीचा ‘पोकरा’ प्रकल्प, पाणलोट, पोषण, शिवाय कंपन्यांचा सीएसआर. पण प्रश्नावली पुण्या-मुंबईत ठरते, विश्लेषणही तिकडंच. आमच्या वाट्याला मोटारसायकल आणि टॅब. जालन्याजवळच्या कडवंचीचा पाणलोट बघायला किती अभ्यासक आले! मुक्कामाला किती राहिले? अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटल्यावर जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी राज्यभर सर्वेक्षण झालं. घरोघर फिरले ते शिक्षक आणि सरकारी कर्मचारी. समाजशास्त्र शिकलेली पोरं बघत राहिली.

आई विचारते, “तू नेमकं करतोस तरी काय रे?”

“लोकांची माहिती गोळा करतो.”

“मग तलाठीच हो की. पगार तरी येईल.”

यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

उद्या परतूर. टॅब चार्जिंगला लावलाय, अन् लाईट गेलीय.