पावसाचा खंड: काही टिपणं

१
कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. हा धानाचा मुलूख. इथे पाऊस किती पडला, हे विचारायच्या आधी तो कधी थांबला, हे विचारावं.

२
पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तीन-चार आठवड्यांचे झाले की रोवणी. नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो, बांधीत, म्हणजे धानाच्या बांधबंदिस्त शेतात, चिखल होत नाही, रोवणी खोळंबते. पऱ्हे जागीच जून होतात. पुढे रोवले तरी फुटवे कमी.

३
निसव्याच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला, तर लोंबी येते, दाणा भरत नाही.

४
हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो पावसाचा दिवस. एवढ्याने बांधीतल्या भेगा बुजत नाहीत.

५
मॉन्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारतातला पाऊस थांबतो. त्याच दिवसांत हिमालयाच्या पायथ्याशी मुसळधार.

६
२०२३, देशाचा पाऊस, सरासरीच्या तुलनेत:
जुलै: १३ टक्के जास्त.
ऑगस्ट: ३६ टक्के कमी. १९०१पासूनचा सर्वांत कोरडा.
सप्टेंबर: १३ टक्के जास्त.
जून धरून चार महिन्यांची बेरीज: सरासरीच्या ९४ टक्के.

७
त्या ऑगस्टात पीकविम्याच्या बातम्यांत ‘२१ दिवसांचा खंड’ हे शब्द वारंवार येत होते. पीक रोवणीत होतं की निसव्यात, हे त्या आकड्यात नव्हतं.

८
भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने गोंड राजवटीत तलाव बांधले. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, शिवाय शेताजवळ बोडी, म्हणजे छोटं तळं. पाऊस थांबला की पीक याच पाण्यावर तगे.

९
१९५१मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली. तलाव सरकारकडे आले. गाळ काढणं, पाळ बांधणं हळूहळू मागे पडलं.

१०
गोसीखुर्द धरण याच पवनी तालुक्यात. भूमिपूजन २२ एप्रिल १९८८. तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी. राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा २००९मध्ये.

११
मोठा कालवा शेतापर्यंत यायला पिढी जाते. बोडीतला गाळ एका उन्हाळ्यात निघतो.

१२
पीकनुकसानीच्या पंचनाम्यात खंडाच्या दिवसांशेजारी पिकाची अवस्था लिहायलाच हवी. आणि ज्यांच्या शेतात बोडी आहे, त्यांनी ती बुजवू नये.