पाय हलवून बोलणारा बेडूक

आमचे आप्पा फोनवर ओरडून बोलतात. मग मीही ओरडतो. तीस वर्षं त्यांनी इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर म्हणून काढली, त्यात कान गेले. कानाचं मशीन घेऊन दिलं, ते कपाटात पडून आहे. आमचा रविवारचा फोन म्हणजे "काय?", "काय म्हणालास?" आणि शेवटी "बरं, ठेव आता". खरं सांगायचं तर हल्ली मी तो टाळायलाच लागलो होतो.

ऑक्टोबरात ते बंगलोरला आले, तेव्हा दोन दिवस त्यांना चिकमगळूर जिल्ह्यात कोट्टिगेहाराकडे घेऊन गेलो. होमस्टेच्या मागेच ओढा. मालक म्हणाले, इथे नाचणारे बेडूक आहेत. झालं! मी अर्धा तास कॅमेरा घेऊन, कान टवकारून बसलो. पण पाण्याच्या त्या खळखळाटात बेडकाचा आवाज येणार कुठून? कंटाळून उठणार, तेवढ्यात आप्पांनी माझा दंड धरला आणि बोट दाखवलं.

ओल्या दगडावर अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी बेडूक. त्याने मागचा एक पाय लांब ताणला, बोटं फाकवली, मधला पडदा पंख्यासारखा उघडला आणि पाय परत पोटाशी घेतला. थोड्या वेळाने दुसरा पाय.

"कुणाला तरी बोलावतंय की ते," आप्पा म्हणाले.

रात्री वाचत बसलो. याचं नाव मायक्रिक्सॅलस कोट्टिगेहारेन्सिस. नावात गाव आहे, आणि ते नाव दिलं बंगलोरच्याच सेंट्रल कॉलेजातले प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी, १९३७ साली. हे सगळे नाचरे बेडूक फक्त पश्चिम घाटातले. २०१४ मध्ये एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदम १४ नव्या प्रजाती जाहीर केल्या, तेव्हा त्यांची संख्या २४ झाली.

आता पाय कशाला हलवायचा? तर वाहत्या पाण्याचा आवाज चोवीस तास चालूच. नर ओरडतो, पण नुसत्या ओरडण्यावर विसंबत नाही. ओरडताना गळ्याची पांढरी पिशवी फुगते, ती दिसते. शिवाय दुसरा नर जवळ आला की पाय उगारून 'ही जागा माझी' असं बजावतो. तरी नाही ऐकलं तर सरळ लाथ. शास्त्रज्ञांना वाटतं की हा इशारा त्या लाथेतूनच आला असावा. गंमत म्हणजे बोर्निओ आणि ब्राझीलमधल्या ओढ्यांतल्या बेडकांनीही हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली आहे. प्रॉब्लेम तोच, म्हणून सोल्यूशनही तेच!

पुढचं तर आणखी भारी. भर पावसात ओढा सगळं वाहून नेईल, म्हणून हे पाऊस ओसरायची वाट बघतात. मादी मागच्या पायांनी ओढ्याच्या तळाशी खड्डा करते, अंडी घालते आणि वर वाळू-खडी सारते. केरळातल्या एका भाऊबंद प्रजातीची पिल्लं चक्क वाळूच्या आत राहतात, हे २०१६ मध्ये कळलं. वाळूत घुसायला वामसारखं लांब, दणकट अंग, आणि डोळ्यांना वाळू लागू नये म्हणून वर कातडीचं आवरण. म्हणजे सगळा संसार त्या उथळ, सावलीतल्या पाण्यावर. ओढा आटला, वळवला किंवा वरची झाडं तोडली, की दुसरीकडे जायची सोय नाही.

सकाळी हे सगळं आप्पांना सांगायचं म्हणून पुन्हा ओढ्यावर नेलं. ओरडून ओरडून घसा बसला. त्यांना लाथेचं तेवढं कळलं, खूप हसले. मग म्हणाले, "अरे, आमच्या शेडमध्ये तरी काय हुतं? कोण बोलत हुतं तिथं?" आणि बोट गोल फिरवून दाखवलं : कांडी संपली. मुठीवर मूठ आपटली : माग बंद पडलाय. दोन बोटं ओठांशी : चहा आला. शेवटी कपाळावर तळवा. तो शेठ आल्याचा इशारा.

मी या माणसाचा मुलगा, आणि यातली एकही खूण मला माहीत नव्हती. त्यांना ऐकू येत नाही एवढंच मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. तो बेडूक मला दिसला नव्हता, त्यांना दिसला होता.

गेल्या रविवारी साधा फोन न करता व्हिडिओ कॉल लावला. आप्पांनी पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली. मी मान हलवली, जेवलो. मग मी दोन बोटं ओठांशी नेली. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि कप घेऊन परत आले.

वीस मिनिटं बोललो. कुणीच ओरडलं नाही.