कमी पळालेली गाडी

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलाला घरची माणसे दोन कामे हक्काने सांगतात. एक, बँकेतले फॉर्म भरणे. आणि दुसरे, कोणत्याही वस्तूची 'खरी किंमत' काढून देणे. पहिले काम मी शाळेपासून करतो आहे. दुसरे २०२५ च्या दिवाळीनंतर माझ्याकडे आले.

वस्तू म्हणजे आजोबांची मारुती ८००. २००८ सालची, चंदेरी रंगाची, के.ए. २२ पासिंगची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी ती घेतली. रस्त्यावर येईपर्यंत अडीच लाख लागले. आता त्यांची नजर अधू झाली आहे, बाबांना कामावर जायला स्कूटरच सोयीची, आणि ताईच्या बी.एड्.च्या फीचा हप्ता तोंडावर आलेला. तेव्हा गाडी विकायची ठरली. मीटरवर आकडा होता २८,४०० किलोमीटर. सतरा वर्षांत! टिळकवाडीतून कॅम्प, सोमवारी कपिलेश्वर आणि वर्षातून एकदा नरसोबाची वाडी, एवढाच तिचा संसार.

आजोबांचे म्हणणे सरळ होते. "गाडी नवीच आहे रे. सव्वा लाखाच्या खाली बोलू नकोस."

मी हिशेबाला बसलो. आयकराच्या नियमाप्रमाणे मोटारीवर घटत्या शिलकेवर दरसाल १५ टक्के घसारा धरतात. अडीच लाखांवर सतरा वर्षे तो लावला तर शिल्लक उरते सुमारे १५,८०० रुपये. भंगारवाला वीस हजार देत होता; म्हणजे पुस्तकी हिशेबाने आमच्या गाडीपेक्षा तिचे लोखंड महाग! मग दुसरी पद्धत लावली. यंत्राने जितके काम केले तितकाच घसारा, अशीही एक पद्धत आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. गाडीचे आयुष्य दीड लाख किलोमीटर धरले तर आमच्या गाडीचे पाचव्या हिश्श्याहूनही कमी आयुष्य सरलेले; किंमत निघाली दोन लाख दोन हजार. परीक्षेत दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळाले असते. आजोबा, हिशेबशास्त्राचे नावही न घेता, दुसऱ्या पद्धतीने मोजत होते आणि बाजार पहिल्या. विमा कंपन्यांनी तर यातून अंगच काढून घेतले आहे. पाच वर्षांपर्यंत गाडीची किंमत किती टक्क्यांनी उतरवायची याचा त्यांच्याकडे तक्ता असतो. पाच वर्षांपुढे उभयतांच्या संमतीने काय ठरेल ते.

म्हणून मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मीटरकडे पाहिलेही नाही. थेट टायरपाशी बसले. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होते ३६१७. म्हणजे २०१७ सालचा छत्तिसावा आठवडा. नक्षी पाहाल तर काल बसवल्यासारखी, पण रबराला बारीक भेगा पडलेल्या. "निंतु निंतु हाळागतद," ते म्हणाले. उभी राहून राहून खराब होते! बॅटरी, ब्रेकची रबरे, पाण्याचे पाइप, टायमिंगचा पट्टा ही सगळी मंडळी किलोमीटर मोजत नाहीत, वर्षे मोजतात. चालून झालेली झीज मीटरवर दिसते. उभे राहून झालेली गिऱ्हाइकाला वाकून शोधावी लागते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आपल्या जिल्ह्यात उसाचे कारखाने इतके, की इथेनॉलला नावे ठेवायची चोरी. पण जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही ही धास्ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने बोलून दाखवली.

दुसरी धास्ती पंधरा वर्षांची. दिल्ली आणि आसपासच्या भागात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, ही बातमी खेड्यापाड्यांत पोचली आहे; ती त्या भागापुरतीच होती, एवढा तपशील मात्र वाटेत गळला. आमच्या गाडीची नोंदणी २०२३ मध्ये पाच हजार रुपये भरून २०२८ पर्यंत वाढवून घेतलेली होती. ते कार्ड मी सगळ्या कागदांच्या वर ठेवू लागलो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीच्या भावाला वरून झाकण बसते.

आणि मग आला दलाल. त्याने मीटर पाहिले आणि कपाळाला हात लावला. "काका, अठ्ठावीस हजार कोण खरं मानणार? मीटर फिरवलंय म्हणतील. आपण असं करूया, अठ्ठावन्न करून घेऊया. मग विश्वास बसेल!"

लोक मीटर मागे फिरवतात हे ऐकून होतो. खरे वाटावे म्हणून पुढे फिरवायचा सल्ला आम्ही प्रथमच ऐकला. चाळीस वर्षे मुलांच्या पेपरांतील खाडाखोड पकडलेल्या आजोबांनी त्याला चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवले.

पण दलाल बाजाराला ओळखून होता. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला वाईटाची शक्यता धरूनच भाव देतो, आणि चांगल्या गाडीचा मालक तेवढ्या भावात विकायला तयार होत नाही. आमच्या गाडीचे हेच झाले होते. तिच्या कमी पळण्याला मोल होते, परंतु ते पुराव्यासकट विकले तरच.

पुरावा घरातच होता. आजोबांची पेट्रोलची वही! तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रुपये, कुठे गेलो, सगळे सतरा वर्षे एकाच वळणदार अक्षरात. सर्व्हिसिंगच्या पावत्या त्या आकड्यांशी ताडून पाहिल्या, तर एकही चुकला नव्हता. आमच्याकडे ऐंशी-नव्वद हजार पळालेली अशी गाडी पन्नास हजारांच्या आसपास जाते. वही आणि वाढलेली नोंदणी यांचे मी पस्तीस हजार धरले आणि पंचाऐंशी सांगायचे ठरवले. टायर आणि बॅटरीचे सोळा हजार आपण होऊन कमी करायचे. उघडे सांगितलेले दोष भाव पाडतात, पण उरलेल्या बोलण्यावर विश्वास बसवतात. आजोबांना ही मांडणी दाखवली. ते काही बोलले नाहीत.

चंदगडकडचे एक काजू बागायतदार आले. भाषा एक, सोयरीक एक, १९५६ पर्यंत तालुकाही आपल्याच जिल्ह्यात. पण गाडी शिनोळीच्या पलीकडे कायमची न्यायची म्हणजे इथले ना-हरकत प्रमाणपत्र, तिथे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर. तो सगळा खर्च त्यांनी किमतीतून वजा केला आणि पंचावन्न सांगितले. सीमाप्रश्नावर आपण भाषणे पुष्कळ ऐकतो. रुपयांत मोजलेली सीमा मी त्या दिवशी पाहिली. "नाव सावकाशीनं बदलू" असेही ते म्हणाले. ते तर शक्यच नव्हते. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. विकलेल्या गाडीसाठी पंच्याहत्तरीच्या आजोबांनी कोर्टाची पायरी का चढावी?

शेवटी अनगोळच्या एक नर्स आल्या. रात्रपाळीला जायला त्यांना लहान गाडी हवी होती. त्यांनी वही पानापानाने वाचली. २०१९ च्या पावसाळ्यात जवळजवळ दररोज एकच नोंद होती : दवाखाना, ११ कि.मी. त्यांनी विचारले, "कोण होतं आजारी?"

"आमची मंडळी," आजोबा म्हणाले.

सौदा सत्तर हजारांवर आला. मात्र वही गाडीबरोबर हवी, असे बाईंचे म्हणणे. ते योग्यच होते. उद्या त्यांनाही विकायची वेळ येईल, आणि तिचे पैसे तर मीच लावले होते. सव्वा लाखाचे सत्तर हजार झाले तेव्हा गप्प राहिलेले आजोबा इथे अडले. "गाडी न्या. वही मिळणार नाही." मी त्यांना बाजूला घेऊन समजावू लागलो तर म्हणाले, "तुझ्या हिशेबात ती पस्तीस हजारांत आली असेल. माझ्या हिशेबात ती विकायला काढलेलीच नाही."

मी झेरॉक्स काढायचे सुचवले. आजोबांनी तीन पाने दुमडून ठेवली. ती सोडून बाकीच्या वहीची प्रत निघाली. पुराव्यात खंड पडला, आणि तो गिऱ्हाइकासमोरच. बाईंनी दुमडलेल्या पानांकडे पाहिले, मोबदल्यात एक रुपयाही कमी करा म्हणाल्या नाहीत.

एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर त्याच दिवशी सह्या झाल्या. चौदा दिवसांच्या आत कळवायचे असते. मी दुसऱ्या दिवशीच कागद दिले. नाव बदलल्याचा निरोप फोनवर आला, ताईची फी भरली, उरलेले पैसे बाबांनी आजोबांच्या खात्यात टाकले. शेजारी विचारतात, केवढ्याला गेली? आजोबा "बऱ्यात गेली" म्हणतात. आकडा सांगत नाहीत.